खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

तळवली गावठाणातल्या कुंदनच्या घरात, देव्हाऱ्याखालच्या कपाटात, एक जुना संगणक रात्रंदिवस घुरघुरत असे. ऐरोलीतल्या त्याच्या कंपनीने भंगारात काढलेला तो डबा कुंदनने मोटरसायकलवर बांधून घरी आणला होता आणि त्याचा सर्व्हर केला होता. त्याला त्याचा भारी अभिमान. घरी कोणी आलं की तो कपाट उघडून निळा दिवा दाखवायचा, आणि पाहुणे बिचारे ‘हो का, वा’ म्हणत चहा संपवायचे. कुंदनच्या त्या तीन मजली इमारतीत भाडेकरूंना पाणी वेळेवर मिळत नसे, पण सर्व्हरला स्वतंत्र इन्व्हर्टर होता. आखाडात लाइट गेली, श्रावणात गेली, डबा एकदाही बंद पडला नाही.

इन्व्हर्टर लावण्यासारखंच काही त्याच्या आत होतं. आत कुंदनच्या आईचा आवाज होता.

भागीरथी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मंत्र म्हणायला भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. मांडव घालण्यापासून हळद उतरवेपर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, असतो, आणि तो तिने म्हटल्याशिवाय ते काम पुढे सरकत नाही. धवलारीण एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका तीच ओळ झेलतात, मग ती पुढची म्हणते. भागीरथीने घणसोलीपासून दिवा गावापर्यंत अर्ध्याअधिक पट्टीतली लग्नं अशी लावली होती. सगळे धवले तिच्या डोक्यात. अक्षरओळख सहीपुरती, त्यामुळे कागदावर एक ओळही कधी उतरली नव्हती.

मग तिचा घसा बसायला लागला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, आणि शेवटी वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार.

ऑपरेशनच्या आधी सगळे धवले भरून ठेवायचे, ही कल्पना कुंदनची. भागीरथी आधी त्याच्यावर खेकसली.

“धवला म्हंजे काय बाजाराचा गाना हाय? त्यानी देव बोलवायचं असतान. लगीन नाय, काय नाय, न् देवाना बोलवून बसवू? काय काम सांगू त्याना?”

“आये, लगीन असंल तवाच वाजवू. शपथ.”

“लगनाबिगर कोनी आयकायचा नाय,” ती म्हणाली. “सुनेनी नाय. तू पन नाय.”

कुंदनने कबूल केलं. मग तिने तांदळाचा चौक मांडला, वर सुपारी ठेवली, देवांची माफी मागितली आणि घसा खाकरला.

आता इथे कुंदनचं शहाणपण आडवं आलं. कोणी ऐकायचं नाही म्हणजे कुलूप हवं. त्याने सर्व्हरला असं लावून दिलं की आलेलं प्रत्येक गाणं आधी कुलूपबंद होईल आणि मगच साठवलं जाईल. सर्व्हर सुरू होताना त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतात: माल कुठे ठेवायचा, कोणाला आत घ्यायचं, कुलपाची किल्ली कोणती. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात, आणि जगभरचे लोक त्या एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून मोकळे होतात. कुंदनने बाकी सगळ्या लिहिल्या. किल्ली मात्र लिहिली नाही. त्याच्या ऑफिसात एका पोराने पासवर्डांसकट अशी फाइल चुकून चव्हाट्यावर टाकली होती, आणि त्यावरून सगळ्या मजल्याची खरडपट्टी निघाली होती. तेव्हापासून किल्ली फाइलमध्ये ठेवणारा माणूस कुंदनच्या लेखी घराला कुलूप लावून चावी कडीला अडकवणारा.

म्हणून त्याने संगणकाकडूनच एक लांबलचक, बिनअर्थाची अक्षरांची माळ बनवून घेतली, ती हाताने सर्व्हरला दिली आणि पडदा पुसून टाकला. आता ती फक्त चालू सर्व्हरच्या ध्यानात होती. सर्व्हर चालू आहे तोवर त्याला ठाऊक. बंद केला की विसरला. कुंदनला हे पक्कं माहीत होतं. विचारली की सर्व्हर ती केव्हाही दाखवणार होता, तेव्हा एका कागदावर उतरवून आईच्या ट्रंकेत टाकायची एवढंच उरलं होतं. पण आई चौकापुढे बसून वाट बघत होती. त्याने ठरवलं, संध्याकाळी लिहू. संध्याकाळी आई दमलेली होती. मग उद्या, मग परवा, आणि शेवटचा धवला भरून झाला त्याच दिवशी हॉस्पिटलातून फोन आला, खाट रिकामी झाली आहे, घेऊन या.

त्यानंतर चिठ्ठी कोणाला आठवणार? आई परत आली ती गळ्याला भोक आणि भोकावर पांढरा रुमाल घेऊन. हाक मारायची तर दोनदा टाळी वाजवायची. पुढचं हवं असेल तर तळहात पुढे सरकवायची. नमिता, कुंदनची बायको, तिच्या खुणा आणि ओठ भराभर वाचायला शिकली. कुंदनला अजून निम्म्या खुणा कळत नसत, पण त्याला वाटे, आपण मोठं काम करून ठेवलंय.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची रीत. मिठागरं कधीच बुजली, पण कुंदनच्या बापाचं फावडं, कोयता, नमिताचं शिलाई मशीन, मोटरसायकल, सगळ्यांना त्या दिवशी विश्रांती, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. भागीरथीने सगळं पुजलं आणि दोनदा टाळी वाजवली. कुंदन आला. तिने कपाटाकडे बोट केलं. मग स्वतःच्या गळ्यावरच्या रुमालाला हात लावला आणि पुन्हा कपाटाकडे बोट केलं.

“त्या म्हनतात, त्यांचा हत्यार आता यो हाय,” नमिता म्हणाली.

कुंदनने लगबगीने कपाट उघडलं. भागीरथी हळदीचं बोट घेऊन पुढे झाली आणि थबकली. निळा दिवा लुकलुकत होता, पंखा फिरत होता. तिने मान हलवली. चालत्या हत्याराची पूजा होत नाही. त्याला आधी निजवायचं असतं.

“बंद करा ना मग एक दिवस,” नमिता म्हणाली.

आणि कुंदनने सर्व्हर बंद केला. अगदी नीट, शिस्तीत बंद केला. त्या क्षणी त्याला किल्ली आठवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आई त्याच्या कामाला हात जोडणार होती, आणि अशा वेळी माणसाला किल्ल्या आठवत नाहीत. भागीरथीने डब्याला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि कितीतरी वेळ डोळे मिटून उभी राहिली.

दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडद्यावर एक ओळ आली: किल्ली दिलेली नाही, म्हणून सुरू होता येत नाही.

कुंदन ती ओळ बघत खाली बसला. नमिता श्रीखंडाची वाटी घेऊन आली तेव्हा तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

“काय झालं ओ?”

“काय नाय. अपडेट मागतोय,” तो म्हणाला.

पुढचे दिवस त्याने चोरासारखे काढले. सर्व्हरला नवी किल्ली दिली, तो निमूट सुरू झाला, पण जुन्या धवल्यांच्या जागी नुसती खरखर. दिलेले हुकूम संगणक लिहून ठेवतो, तिथे शोधलं. पण किल्ली देताना त्याने मुद्दाम सांगितलं होतं, हे लिहू नकोस, आणि संगणकाने ऐकलं होतं. धवल्यांच्या प्रती त्याने ऑफिसच्या खणात ठेवल्या होत्या, बहिणीकडे कोपरखैरण्याला ठेवल्या होत्या. सगळ्या जागच्या जागी होत्या, आणि सगळ्यांना तेच कुलूप होतं.

ऑफिसात अश्विन कांबळे नावाचा त्याचा मित्र होता, बीडकडचा, या कामातला मुरलेला. जेवणाच्या सुट्टीत कुंदनने त्याला सगळं सांगितलं. अश्विनने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि दोन-चार प्रश्न विचारले.

“काहीतरी असंल ना यार,” कुंदन म्हणाला. “कुनाकडून तरी तोडून घेऊ.”

“हे तुटत नाही कुंदन. तुटू नये म्हणूनच बनवलेलं असतंय ते.” अश्विनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “माउलीला सांगून टाक.”

“तिला काय सांगू?”

“जे मला सांगितलंस ते.”

अश्विनला सांगायला काय जातं, असं कुंदनला वाटलं. तो घरी आला आणि सांगितलं नाही. त्याऐवजी गावातल्या लग्नांचे व्हिडिओ गोळा करत फिरला. भागीरथी धवल्याच्या वेळी कोणाला मोबाइल काढू देत नसे, पण व्हिडिओवाल्यांचे कॅमेरे तर चालूच असत. त्याने एकामागून एक सगळे लावले. प्रत्येकात आई होती, हिरव्या लुगड्यात, चौकापुढे बसलेली, तोंड उघडून गाणारी, आणि प्रत्येकात व्हिडिओवाल्याने वरून सिनेमाचं गाणं टाकलेलं. आईचे ओठ हलत होते आणि भलतीच कोणी बाई प्रेमाचं गाणं म्हणत होती. तिसऱ्या व्हिडिओनंतर कुंदन रडला.

तिकडे लग्न जवळ येत होतं. शेजारच्या देवजीकाकाची मुलगी जयमाला, कुंदनची चुलत बहीण. ही पोरगी परकर नेसत होती तेव्हापासून भागीरथी तिला म्हणायची, तुझा धवला मीच म्हणणार. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशीही जयमाला येऊन रडली, तेव्हा भागीरथीने तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, “रडू नको. म्या त्या डब्यान् बसलंय.” तुळशीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी हळद होती. देवजीकाका रोज हाका मारत येई.

“कुंदन, स्पीकर मोठा सांगितलाय बरं का! भागीवहिनीचा आवाज पार टेशनापर्यंत गेला पायजे!”

“हो काका,” कुंदन म्हणे, आणि पुन्हा कपाटापुढे जाऊन बसे.

शेवटी नमितानेच त्याला गाठलं. ती अपडेटला भुलणारी नव्हती. कुंदनने सगळं सांगितलं.

“एका चिठ्ठीवर लिवायचं होतं फक्त?”

“हो.”

“आनि एवढे महिने तो डबा तुमच्या उशाशी चालू होता.”

नमिता तशी तोंडाळ, पण त्या दिवशी तिने त्याला घालूनपाडून बोलणंही टाळलं. ती फक्त म्हणाली, “लग्नाच्या दिवशी सगळ्या गावासमोर कळलं तर त्या मरतील. आज सांगा.”

सांगायच्या आधी त्याने कपाटातल्या डब्यात एकदा शेवटचं हुडकलं, आणि एका कोपऱ्यात एक उघडी फाइल सापडली. कुलूप लावायच्याही आधीची, माइक चालतो का ते बघायला भरलेली. त्याने ती ऐकली. त्यात धवला नव्हता. अगदी छोटी होती, पण आवाज आईचा होता.

दुपारी भागीरथी ओट्यावर वाल सोलत बसली होती. कुंदन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि काही न बोलता मोबाइलवर ती फाइल लावली.

बांगड्या वाजल्या. कोणीतरी खाकरलं. मग भरदार, थोडा वैतागलेला आवाज आला:

“चालू झाला काय रं ह्या? ... आथा बोलू?”

आणि संपलं.

भागीरथीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ऑपरेशननंतर तिने स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. तिचा चेहरा असा उजळला की कुंदनला तिच्याकडे बघवेना. तिने बोटाने खूण केली, पुन्हा. त्याने पुन्हा लावलं. चालू झाला काय रं ह्या? आथा बोलू? तिने मान डोलावली, ओल्या डोळ्यांनी हसली, आणि तळहात पुढे सरकवला. ही खूण कुंदनलाही कळत होती. पुढचं लाव.

“आये,” कुंदन म्हणाला, “पुढचा नाय.”

तिने पुन्हा तळहात सरकवला.

“पुढचा काय पन नाय, आये. सगला गेला. माझ्यानी गेला.” मग त्याने सांगितलं. व्हेरिएबल वगैरे काही बोलला नाही. एवढंच बोलला की कुलपाची किल्ली त्याने कुठे लिहून ठेवली नव्हती, सर्व्हर चालू होता तोवर ती त्याच्याजवळ होती, आणि खंडेनवमीला बंद केला तेव्हा ती गेली.

भागीरथीला किती कळलं कोण जाणे. खंडेनवमी मात्र कळली. तिने हळदीचं बोट लावतात तसं बोट हवेत टेकवलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी?

“नाय, आये. तू नाय. म्या.”

ती रडायला लागली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. गळ्यावरच्या रुमालामागून नुसती हवा शिटीसारखी येत-जात होती, आणि तोंड उघडं होतं. कुंदनला वाटलं, हिने वालाची टोपली डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं. नमिता धावत आली, सासूला कुशीत घेतलं आणि नवऱ्याला नजरेनेच बाहेर काढलं.

त्यानंतर भागीरथी कुंदनकडे बघेनाशी झाली. त्याने पाणी पुढे केलं तर ती नमिताकडून घेई. देवजीकाकाने स्पीकर परत पाठवला, आणि कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, “बेलापूरची धवलारीण आनतो मग.” पण जयमाला अडून बसली. भागीकाकी चौकापुढे बसली पाहिजे. नाही बोलली तरी चालेल, बसली पाहिजे.

हळदीच्या सकाळी तिने स्वतः येऊन भागीरथीला हाताला धरून नेलं आणि पाटावर बसवलं. चौक मांडलेला होता, दिवा लावलेला होता. झेलणाऱ्या बायका नेहमीप्रमाणे तिच्या मागे बसल्या. भागीरथीने चौकाला हात जोडले, आणि सवयीने तिचे ओठ हलले. ओळ संपेपर्यंत हलले, आणि ती थांबली, जशी दर वेळी झेलणाऱ्यांसाठी थांबायची.

कोणी झेललं नाही. झेलायला काही आलंच नव्हतं. एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली.

तेव्हा नमिता उठली. “मागं काय बसल्याव? समोर या,” ती बायकांना म्हणाली. “त्यांच्या तोंडाकडं बघा. एवढी वर्षं हीच ओल परत म्हनत आल्याव ना तुमी?”

बायका उठून पुढे आल्या. भागीरथीने पुन्हा ओठ हलवले. दोघीतिघींनी अंदाजाने काहीतरी म्हटलं, चुकलं. भागीरथीने मान झटकली, जमिनीवर थाप मारली आणि तीच ओळ पुन्हा, सावकाश. या वेळी सगळ्यांत म्हातारी बाई एकदम म्हणाली, “अगो, यी तं गनपतीला बोलवायची!” आणि तिने ती ओळ उचलली. बाकीच्यांनी तिच्यात आवाज मिसळला. सुरुवात कशी, पुढे काय, हे त्यांना कुणालाच सांगता आलं नसतं. पण ओठ दिसले की ओळ तोंडात येत होती. भागीरथीने पुढची ओळ म्हटली. त्यांनी झेलली. तिने पुढची म्हटली.

जयमालाच्या कपाळाला हळद लागली. मांडवात कोणाचाच डोळा कोरडा नव्हता. देवजीकाकाने कुंदनला कोपराने ढोसलं. “बघतोस काय? मोबाइल काढ, भरून घे!”

कुंदनने मोबाइल काढला आणि आईकडे बघितलं. इतक्या दिवसांनी तीही त्याच्याकडे बघत होती. तिने त्याला अडवलं नाही. लग्न होतं, ऐकायला हरकत नव्हती. तिने तळहात पुढे सरकवला आणि पुढच्या ओळीकडे वळली.

कुंदन मांडवाच्या खांबाला टेकून भरून घेत राहिला. धवला नीट चालला होता. फक्त प्रत्येक ओळीच्या आधी एका ओळीएवढी शांतता होती. त्यात बांगड्या वाजत होत्या, कोणाचं तरी मूल खोकत होतं, आईचे ओठ हलत होते. त्या रिकाम्या जागेत कुंदन दर वेळी मनाने तिचा आवाज बसवून पाहत होता. गणपतीच्या धवल्याला तो बसला. कुलदेवतेच्या धवल्याला अर्धामुर्धा बसला. हळद उतरायच्या वेळेपर्यंत त्याला कितीही आठवून तो सापडेना, आणि त्या जागी दर वेळी एकच ऐकू यायला लागलं, बांगड्यांचा आवाज, एक खाकरणं, आणि मग: आथा बोलू?